परतीची पट्टी

राठोड सर कुणाकडेही गेले की आधी खुर्चीवर होकायंत्र बसवतात आणि मग माणसं. सुई गुमान उत्तरेकडे बघत राहिली तर खुर्ची पास. तिने जरा जरी मान वळवली, तर खुर्ची बाद. आमच्या पुसदच्या कॉलनीतलं अर्धं फर्निचर या परीक्षेत नापास झालेलं आहे. एकदा आम्ही एका घरी सांत्वनाला गेलो होतो. घरचे रडत होते आणि सर सोफ्याखाली डोकं घालून ओणवे झाले होते. "इथी स्पीकर हाये," ते आतूनच म्हणाले, "हलवा लागते." मयताच्या थोरल्या मुलाने डोळे पुसत पुसत स्पीकर हलवला.

सर आमचे सख्खे शेजारी. आम्ही दोघे एकाच कॉलेजातून निवृत्त झालो. ते फिजिक्स शिकवायचे, मी मराठी, त्यामुळे ते मला शिकलेल्यांत धरत नाहीत. "अंदाजे बोलू नका, मास्तर!" हे त्यांचं पालुपद. आज ऊन फार आहे, असं त्यांच्यासमोर म्हणायची सोय नाही. फार म्हणजे किती, हे सांगावं लागतं.

त्यांचं आयुष्यभराचं प्रेम म्हणजे एक गणित. सपाट पट्टीतून वीज वाहत असली की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र किती? एकदा आमच्याकडे पाटवडी-रस्सा होता. सरांनी ताटातली पाटवडी उचलली, सुरी मागितली आणि तिचे बारीक उभे काप करायला लागले.

"पाहा मास्तर. तारेचं सूत्र आपल्याले येते, पट्टीचं येत नाही. मंग काय करायचं? पट्टीचे असे काप पाडायचे. एक काप म्हणजे एक तार. हरेक तारेचं क्षेत्र काढायचं अन् सगळ्यायची बेरीज मारायची. हाये काय त्यात?"

बेरीज होईपर्यंत रश्श्यावर साय धरली.

"अन् गंमत आयका. तारेपासून दुप्पट दूर गेलं तर जोर अर्धा होते. पण रुंद पट्टीच्या जवळ असलं अन् जरा मांगं सरकलं, तरी जोर जवळपास तेवढाच! हटतच नाही!"

मला यात कसली गंमत ते कळलं नाही. माझी बायको तर पाटवडीच्या चिंध्यांकडेच बघत होती.

हे सगळं वेड आधी फळ्यापुरतं होतं. ते घरात शिरलं सरांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, पेसमेकर बसवला तेव्हा. घरी सोडताना दवाखान्यात सांगितलं, "जोरदार चुंबकापासून लांब राहा." सरांनी एवढंच ऐकलं आणि युद्ध पुकारलं. फ्रिजच्या दारावरचं चुंबकाचं फुलपाखरू हद्दपार झालं. रेडिओ गच्चीवर गेला. भिंतीतल्या वायरिंगपुढे मात्र होकायंत्र मुकं. "घरची वीज क्षणाक्षणाले दिशा बदलते. सुई बिचारी कोणाकोणाचं आयकन? तिथी हिशोबच करा लागते," असं म्हणून सर रोज भिंतीसमोर खडू घेऊन उभे. वहिनींची देवपूजेची जागाही त्यांनी बदलायला लावली. देव मात्र जुन्याच जागी राहिले, कारण देवांना पेसमेकर नव्हता.

मग आमच्या मुलीचं, मुक्ताचं, लग्न ठरलं. मुक्ता आमची खरी, पण वाढली वहिनींच्या ओट्यावर. त्यांना मुलगी नाही. मुक्ता फ्रॉकात होती तेव्हापासून त्या म्हणायच्या, "तुया पाठवणीले ढावलो मीच म्हणीन." ढावलो म्हणजे बंजारा तांड्यावर नवरी निघताना बायका तिच्या गळ्यात पडून म्हणतात ते गाणं. लग्नाच्या गडबडीत त्यांनी माझ्या बायकोकडे दुसरं काहीही मागितलं नाही.

सर नेमाप्रमाणे आदल्या दिवशी मंगल कार्यालयाची पाहणी करायला गेले आणि तोंड पाडून परतले. पाठवणीच्या दाराला लागूनच मीटरची खोली. दार किलकिलं करून पाहिलं, तर आत तांब्याची ही रुंद पट्टी! सरांनी कागदभर काप पाडले, बेरीज मारली आणि निकाल दिला, "दाराशी उभं राह्यचं नाही."

"काहून?" वहिनी म्हणाल्या.

"जोर हटत नाही तिथी."

"मी बी हटत नाही," वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या. संध्याकाळी त्यांच्या घरातून भांड्यांचा आवाज जरा जास्तच येत होता. किती जास्त, ते सरांनाच ठाऊक.

लग्न लागलं, जेवणं झाली, आणि मुक्ता दारात आली. वहिनी मांडवाच्या दुसऱ्या टोकाला, सरांनी पास केलेल्या खुर्चीत. मुक्ता काही केल्या पुढे पाऊल टाकेना. "काकू आल्याशिवाय मी जात नाही," म्हणाली. वऱ्हाड ताटकळलं, ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. वहिनी उठल्या. सर घामाघूम होऊन मीटरच्या खोलीत घुसले. आणि तिथून अशी आरोळी आली की रडणाऱ्या बायका गप्पच झाल्या.

"परतीची पट्टी इसरलो!"

सर बाहेर आले ते नाचतच. "दोन हायेत, मास्तर! एकीतून वीज जाते, दुसरीतून वापस येते. दोघी उलट्या, म्हणून बाहेर दोघींचा जोर एकमेकीले खाते. जे काई हाये ते दोघींच्या मंधात! पुस्तकात एकच पट्टी काढतेत, मी बी जिंदगीभर एकच शिकवली!" आणि मग वहिनींकडे वळून, "म्हण, म्हण! बिनधास्त म्हण!"

वहिनींनी मुक्ताच्या गळ्यात हात टाकले आणि ढावलो सुरू केला. मला शब्द कळत नव्हते. तरी मी रडलो, आणि भरपूर रडलो. सर विचारायला आले नाहीत, किती ते. ते स्वतःच भिंतीकडे तोंड करून उभे होते.

गाडी गेल्यावर मांडवात पांगापांग झाली. मी वहिनींना म्हणालो, "बरं झालं, ती परतीची पट्टी सापडली."

वहिनी पदराने तोंड पुसत हसल्या. "भाऊजी, डॉक्टरनं मले पयल्याच तपासणीत सांगतलं व्हतं, घरच्या वायरीनं अन् मीटर-बिटरनं काई होत नाही म्हून. हे तवा बाहीर औषधं घेत होते."

"मग सरांना सांगितलं का नाही?"

"कायले सांगू? नोकरी व्हती तवा हे घरी येत अन् पेपरात तोंड खुपसत. आता घडीघडी इचारतेत, कुठी बसली, बरं हाये ना, छातीत काई होऊन नाही राह्यलं ना. सांगतलं तर इचारणं सोडतीन ना. मंग मी काय करू?"

"आणि आज सरांनी दाराशी जाऊच दिलं नसतं तर?"

"तरी गेली असती. मंग घरी जाऊन भांडली असती."

तेवढ्यात सर दोन खुर्च्या ओढत आले. एक वहिनींसाठी मांडली, तिच्यावर होकायंत्र ठेवलं, सुई स्थिर होईपर्यंत श्वास धरला आणि म्हणाले, "बस." दुसरी त्यांनी मांडवातला कपाटाएवढा स्पीकर आणि वहिनी यांच्या मधे टाकली आणि काही न तपासता तिच्यात बसले. सरांनी स्वतःची खुर्ची आजवर एकदाही तपासलेली नाही, हे माझ्या तेव्हा कुठे लक्षात आलं.

"छातीत काई होऊन नाही राह्यलं ना?" सरांनी विचारलं.

"आता तं नाही," वहिनी म्हणाल्या. "घडीभरानं पुन्हा इचारजा."