झाकलं का?

आमच्या गल्लीत रामराम, सलाम वगैरे सगळं नंतर. हमीदचाचा भेटले की आधी विचारायचे, "झाकलं का?" तुम्ही सकाळी दूध आणायला निघालेले असा, नाही तर वाळूजच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून बसमधून अर्धमेले उतरलेले असा, प्रश्न हाच. उत्तरही एकच चालायचं, "झाकलं." "बहुतेक झाकलं असेल" असं कुणी म्हटलं की संपलं. चाचा त्याच्या मागंमागं घरात आणि थेट मोरीत. वरच्या मजल्यावर नवे राहायला आलेले मास्तर पहिल्या दिवशी हा प्रश्न ऐकून आधी स्वतःच्या शर्टाची बटणं चाचपून बघत होते.

झाकायचं म्हणजे पाणी. आम्ही उस्मानपुऱ्यात राहतो आणि आमच्या गल्लीला नळ येतो आठव्या दिवशी. गावाचं नाव बदललं, नळाची पाळी काही बदलली नाही. म्हणून इथं घरात माणसं चार असली तर पाण्याची भांडी दहा. ड्रम, पिंपं, हंडे, बादल्या, काही घरांत तर पोरांचा जुना टबसुद्धा भरलेला. आम्ही पाहुण्याला दोनदा चहा पाजू, पण त्यानं तांब्याभर पाणी उगाच सांडलं तर तोंडावर बोलू. आणि साठवलेल्या पाण्यात डासानं अंडी घातली की आठ-दहा दिवसांत डास तयार. नळाची पाळी तीच डासाची पाळी. चाचांची झोप उडवायला एवढं पुरेसं होतं.

चाचा मलेरिया खात्यातून रिटायर झालेले. सिल्लोड-कन्नडकडची खेडी त्यांनी सायकलवर पालथी घातली होती, त्यामुळं त्यांची मराठी माझ्यापेक्षा अस्सल. घरात चाचींशी दखनी आणि बाहेर आमच्याशी, "लई बेकार डास हाय ह्यो काळे, दिवसा चावतो." माझं आडनाव काळे. खात्यानं चाचांना निरोप दिला, पण चाचांनी खात्याला काही दिला नाही. दर बुधवारी हातात बॅटरी, खांद्याला पिशवी, पिशवीत गेरूचा डबा, ब्रश आणि काचेच्या बरणीत गप्पी मासे. हे मासे डासांच्या अळ्या खातात. चाचा एकेका घरात शिरायचे, भांड्याभांड्यात बॅटरी मारायचे आणि बाहेर येऊन दाराच्या चौकटीवर गेरूनं लिहायचे, वार आणि भांडी किती ते. "बुध. भांडी ९." सुरेखा, म्हणजे माझी बायको, दिवाळीला चौकट रंगवायची आणि पुढच्याच बुधवारी चाचा तिच्यावर गेरू ओढायचे. ती दात-ओठ खायची. पण भांडी मात्र मोजून झाकायची.

अळ्या सापडल्या तर पाणी ओतून टाकायचं, हा त्यांचा कायदा. तेही नालीत नाही, कोरड्या मातीत. नालीत अळी जगते, मातीत मरते. आता ज्या गावात पाण्यासाठी सख्ख्या जावा एकमेकींशी बोलत नाहीत, तिथं भरलेला ड्रम मातीत ओता म्हणणारा माणूस कुणाला आवडेल? हर्सूलला एका लग्नात त्यांनी पंगत बसायच्या आधी आचाऱ्याच्या मागं जाऊन हात धुवायच्या पाण्याचा अख्खा ड्रम आडवा केला. मुलीचा बाप रडकुंडीला आला. चाचांनी त्याला धीर दिला आणि आहेर म्हणून गप्पी माशांची बरणी हातात ठेवली. त्या घरात अजून त्यांचं नाव काढत नाहीत. चाचांचं म्हणणं एवढंच की त्या लग्नात कुणी आजारी पडलं का, ते सांगा.

जमीलाचाची या सगळ्याला हसायच्या. दारात भाजी निवडत बसायच्या आणि चाचा बॅटरी घेऊन निघाले की सुरेखाला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "इनकू मच्छरसे शादी करना था, मेरेसे कायकू करे."

मी मुळात भित्रा माणूस. साधी शिंक आली तरी मला घरच्यांची काळजी लागते. त्यात दहा वर्षं चाचांचा शेजार. कानाशी गुणगुण झाली की मी जेवता जेवता उठून उभा राहायचो. चाचा आजाराविषयी सांगायचे ते अगदी शांतपणे, म्हणून जास्तच धडकी भरायची. एकदा म्हणाले, ताप चढला की लोक घाबरतात. डेंग्यूत ताप उतरला की घाबरायचं असतं. लोक हसतात, नवस फेडायला जातात आणि पोर तिथंच मान टाकतं. मी त्या दिवशी जेवलो नाही.

मग उन्हाळ्यात चाची गेल्या. शुगर होतीच. नळाचा दिवस होता, सकाळी सगळं पाणी त्यांनीच भरलं, दुपारी दम लागला, दवाखान्यात नेलं, परत आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी जियारत, म्हणजे तिसऱ्याची दुआ, झाली. त्यानंतरच्या बुधवारी चाचा बॅटरी घेऊन आमच्या दारात. "झाकलं का?" डोळे कोरडे, आवाज नेहमीचा. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, काय दगड आहे हा माणूस. खोटं कशाला बोलू, मीही म्हणालो.

गणपती उठले आणि गल्लीत ताप शिरला. आधी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याची सून पडली, मग वरचे मास्तर. चाचांचा बुधवार आता रोज उजाडायला लागला. सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक. टायर, नारळाच्या करवंट्या, कूलरचे टब, फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंडीखालच्या बशा. कुठंच अळी सापडेना. माणूस वाळत चालला. म्हणायचे, "ह्यो डास लांबून येत नाय. ज्याला चावतो त्याच्या शेजारीच जन्मलेला असतो. कुठं हाय?" मी गमतीनं विचारलं, चाचा, तुमची किती भांडी? म्हणाले, "माझी पाच. पाचीच्या पाची झाकलेली."

आणि आमची मुक्ता तापली. सात वर्षांची पोर, दुपारी शाळेतून आली ती डोकं धरूनच. डोळ्यांच्या मागं दुखतंय म्हणाली. ते ऐकलं आणि मी तिला तशीच उचलून डॉक्टरांकडं निघालो, कारण हे लक्षण मला दहा वर्षं पाठ होतं.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, डेंग्यूच निघाला. घरीच ठेवा, पाणी पाजत राहा, नजर ठेवा म्हणाले. चाचा तिच्या उशाशी येऊन बसले ते उठेचनात. साखर-मिठाचं पाणी चमच्या-चमच्यानं पाजायचे. अंगदुखीवर म्हणून मी दुकानातून एक जोरदार गोळी आणली होती, ती त्यांनी माझ्या हातातून काढून घेतली. अशा तापात असल्या गोळीनं रक्तस्राव होतो, डॉक्टरांनी दिली तेवढीच साधी तापाची गोळी द्या म्हणाले. पाचव्या दिवशी ताप उतरला. अंग गार लागलं तशी सुरेखा देवापुढं बसली आणि मग शिरा करायला उठली. मी चार दिवसांनी आरशात तोंड बघितलं. चाचा मात्र पांढरे पडले होते. त्यांनी मुक्ताचं पोट हलकेच दाबलं, ती कळवळली. उलटी झाली का विचारलं, दोनदा झाली होती. ओठ बाजूला करून बघितलं तर हिरडीला रक्त.

"काळे, रिक्षा," एवढंच म्हणाले. शिरा तसाच शेगडीवर राहिला.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, वेळेवर आणलंत. पण आता बरं आहे असं म्हणायला ते तयार नव्हते. प्लेटलेट उतरत होत्या. दर रिपोर्टला आधीपेक्षा कमी. पोरीच्या हाताला सुई, बांधलेली पट्टी आणि ती मला विचारायची, बाबा, उद्या शाळेत हजेरीला माझं नाव आलं की हजर कोण म्हणणार. मी इतका घाबरलो होतो की मला देवाचं नावसुद्धा नीट घेता येईना. सुरेखाकडं बघायची हिंमत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपडे न्यायला मी घरी आलो. गल्लीत शिरलो आणि प्रत्येक चौकटीवर गेरू दिसला. इस्त्रीवाला, बुध. भांडी ७. मास्तर, बुध. भांडी ६. आम्ही, बुध. भांडी ९. सगळी घरं बघत बघत मी चाचांच्या दाराशी आलो. तिथं काहीच नाही. स्वच्छ निळी चौकट. इतकी वर्षं रोज समोरून जातो, पण कधी लक्षातच आलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

चाचा दारातच होते. त्यांनी मुक्ताचं विचारलं. मी कोऱ्या चौकटीवर बोट ठेवलं. मी म्हणालो, "चाचा, तुमचं घर कोण तपासतं?"

ते बाजूला सरले आणि आतून बॅटरी आणून माझ्या हातात दिली. स्वतःची बॅटरी त्यांनी आजवर कुणाच्या हातात दिली नव्हती.

पाच भांडी मोरीजवळ होती, पाचीवर घट्ट ताटं. मी वळणार तेवढ्यात पलंगामागच्या कोपऱ्यात जर्मनचा एक हंडा दिसला. तोंडाला चाचींची फिकट हिरवी ओढणी, नाडीनं आवळून बांधलेली. ओढणी एका जागी विरली होती. बोटभर भोक पडलं होतं. मी नाडी सोडली आणि आत उजेड टाकला. पाणी अर्ध्याच्या खाली गेलं होतं आणि त्यात बारीक बारीक काळं वळवळत होतं.

चाचा दारातूनच म्हणाले, "हायेत?"

"आहेत."

ते खाली बसले. "त्या दिवशी सकाळी तिनं भरलं होतं. बाकीचं मी सगळं वापरलं, काळे. पिलो, त्याच्यानंच आंघोळ केली. शेवटी ह्यो एक हंडा राहिला. वाटलं, कपडा तिनंच बांधलाय, नीट बांधला असंल. उघडून बघायची हिंमत नाय झाली मला."

मी भांडायला गेलो होतो. माझी पोर तिकडं सलाईनवर होती, या माणसाची दया करायची माझी अजिबात इच्छा नव्हती. तरी ती आली, आणि तिचाही राग आला. मी हंडा उचलला आणि बाहेर निघालो. मागून आवाज आला, "नालीत नगं. मातीत." ऊन पडलेल्या जागी मी तो उपडा केला. पाणी पसरलं, जिरलं. चाचा ओढणी हातात धरून ती ओली माती वाळेपर्यंत उभे होते. मग मला म्हणाले, "पोरगी वाचंल ना?" मला माहीत नव्हतं. मी तसंच सांगितलं.

मुक्ता वाचली. तिसऱ्या दिवशी प्लेटलेट चढायला लागल्या आणि आठवड्यानं ती घरी आली. गल्लीतला तापही हळूहळू निघून गेला. पण चाचा दिसेनासे झाले. बुधवार आला नि गेला, गेरू नाही, बॅटरी नाही. लोक म्हणाले, वय झालं. खरं काय ते मी फक्त सुरेखाला सांगितलं होतं. ती पंधरा दिवस त्यांच्या दारावरून मान फिरवून जायची. आईच्या रागापुढं माझं काय चालणार.

नळाच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारीच, ती सगळी भांडी झाकून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "आता कुणी विचारतच नाही. मला लई भीती वाटते हो. जा, त्यांचं बघून या."

मी चाचांचं दार वाजवलं. आत खुडबुड झाली, पण कुणी आलं नाही. मी बाहेरूनच विचारलं, "चाचा, झाकलं का?"

खुडबुड थांबली. मग आतून अडखळत आलं, "झाकलं."

"बहुतेकवाल्यांचं चालत नाही. बघू द्या."

त्यांनी दार उघडलं. दाढी वाढली होती. पिशवी खुंटीला होती तशीच. मी तिच्यातून बॅटरी काढली, मोरीजवळची भांडी तपासली, गेरूत पाणी घालून ब्रश बुडवला आणि त्यांच्या निळ्या चौकटीवर लिहिलं, बुध. भांडी ५.

चाचा माझ्या मागं येऊन उभे राहिले. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"पाच नाय," ते म्हणाले. "सहा लिवा."

मी आत वळून बघितलं. कोपऱ्यात तोच हंडा होता, घासून लख्ख केलेला, कालच्या नळाचं ताजं पाणी भरलेला. तोंडावर स्टीलचं ताट होतं, आणि ताटावर धुतलेली हिरवी ओढणी घडी करून ठेवली होती. मी अंगठ्यानं पाच पुसलं आणि सहा लिहिलं.