मुगभाट ते नागपूर, हवाई मार्गे

दोन शहरांमधलं अंतर विमानतळापासून विमानतळापर्यंत मोजतात. घरापासून घरापर्यंत मोजत नाहीत, कारण घरांना धावपट्टी नसते. हे शास्त्र गिरगावात मुगभाटात राहणाऱ्या गंगाधर धुरंधरांना, म्हणजे अप्पांना, पूर्ण मान्य होतं. पस्तीस वर्षं आवक-जावकचं टेबल सांभाळलेला माणूस. आकड्यावर संशय घेणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

नागपुरात मुलगा उन्मेषच्या मुलीचं बारसं होतं. रविवारी, दुपारी बारा वीसला. मुंबई ते नागपूर हवाई अंतर सुमारे सातशे किलोमीटर, वेळ साधारण दीड तास, हे अप्पांनी मोबाइलवर तीन ठिकाणी पडताळलं. पत्नी राजलक्ष्मीबाई शुक्रवारीच गाडीने गेल्या. जाताना त्यांनी सुचवलं, की तुम्हीही चला. अप्पांनी सूचना दप्तरी दाखल केली.

दीड तासाच्या प्रवासासाठी अप्पा आणि मुलगी नूपुर पहाटे पाचला निघाले. आत्या म्हणून बाळाच्या कानात नाव नूपुरने सांगायचं होतं. तपासणीत अप्पांना कमरेचा पट्टा काढावा लागला (पुढची सहा मिनिटं त्यांनी पॅन्ट स्वतःच्या जबाबदारीवर सांभाळली). साडेनऊचं विमान ढगांमुळे साडेदहाला उडालं आणि बाराला पाच कमी असताना नागपूरला टेकलं.

टेकताक्षणी एकशे ऐंशी प्रवासी उभे राहिले. अप्पाही राहिले, त्यांना नात होती. प्रवासी बसल्याशिवाय विमान जागेवर नेता येणार नाही, असं हवाई सुंदरीने तीन भाषांत सांगितलं. ते सर्वांना पटलं. पण आधी बसेल त्याचा नंबर जाणार, हेही सर्वांना पटलेलं होतं. सामानाच्या कप्प्याखाली माना तिरक्या करून, दुसरा कोण बसतो हे पाहत, मंडळी विलक्षण शिस्तीने उभी राहिली.

बारा वीसला राजलक्ष्मीबाईंचा फोन आला. मुहूर्त टळू नये म्हणून त्यांनी फोन बाळाच्या कानाला लावला. नूपुरने "कुर्रर्र" केलं, पण गलक्यात तिचं तिलाच ऐकू येईना. अप्पांचा चेहरा पडला.

"अहो, जरा बसता का सगळे?" नूपुर मागे वळून म्हणाली. "माझ्या भाचीला नाव ऐकू जात नाहीये."

काय झालं कोण जाणे, पण पंचवीस मिनिटांत नियमाने जे झालं नव्हतं ते झालं. रांगेमागून रांग खाली बसली. विमानात शांतता पसरली. नूपुरने हळूच नाव सांगितलं, "क्षितिजा." पलीकडून बारीक रडणं ऐकू आलं, आणि अप्पांनी चष्मा काढून उगाचच पुसला.

सगळे बसले होते, चौदाव्या रांगेतला एक प्रवासी सोडून. बॅग छातीशी धरून तो दाराकडे पाहत उभाच होता. त्याचं नाव इथे देत नाही. तुमच्या घरचेही हे वाचत असतील.