उतरवावे

संगणक ही अत्यंत गंभीर वस्तू आहे. म्हणूनच आमच्या आखाडा बाळापूरच्या हळद खरेदी केंद्रात तो माझ्या देखरेखीखाली असतो. मी तीस वर्षं विनोदी लिहिलं, त्यातली दहा निव्वळ अंधश्रद्धेवर. तेव्हा गांभीर्य कशाशी खातात हे या गावात मला नाही कळणार तर कोणाला?

त्या सोमवारी आमची इंजिनिअर ऐश्वर्या हट्ट्याला चुलत बहिणीच्या हळदीला निघाली.

"नाना, सर्व्हरची डिस्क अठ्ठ्याण्णव टक्के भरली. मधूनच चुकाही दाखवून राहिली. आजच तपासून जुना कचरा काढावा लागतो. थांबू का मी?"

"जा गं लेकरा! पंधरा मिनिटांचं काम!"

ही फुशारकी नव्हती. तिच्या इंग्रजी सूचनांचं शुद्ध मराठी मीच करून भिंतीवर टांगलं होतं: 'आधी उतरवावे. मग तपासावे. मग साफ करावे. मग परत चढवावे.' डिस्क चालू असताना तपासणं म्हणजे धावत्या बैलगाडीचं चाक काढून बघणं. म्हणून ती आधी कामातून सोडवायची, म्हणजेच उतरवायची. एका शब्दात काम! मला त्या शब्दाचा अभिमान होता.

बाहेर चारशे शेतकरी रांगेत होते आणि सगळ्यांचे क्रमांक त्याच डिस्कवर. सिद्धेश्वरचे जळबा तीन दिवसांपासून पोत्यांवर झोपून होते. त्यांनी बंद खिडकी ढकलून आत डोकं घातलं.

"नाना, माझा दोनशे बारा लंबर हाय नं बराबर?"

"आहे."

"अन् मशीन बसली तं?"

"मग सगळ्यांचाच पहिला नंबर!"

जळबा हसले नाहीत. मागच्या साली रांग मोडली तेव्हा त्यांचं डोकं फुटलं होतं. मीही गंभीर झालो आणि डिस्क उतरवायची आज्ञा दिली.

यंत्र म्हणालं, जमणार नाही. डिस्क कामात आहे.

आत चार जण नोंदी करत होते. मी म्हणालो, "पंधरा मिनिटं उठा."

"एवढं एक पोतं होऊ द्या, नाना," वैजनाथ मान वर न करता म्हणाला. बाकी तिघांचंही एकेकच पोतं राहिलं होतं. अर्धा तास राहिलं होतं. डिस्क नव्व्याण्णववर गेली!

मी ऐश्वर्याला फोन लावला. तिकडे डीजे असा वाजत होता की माझा फोन टेबलावर नाचायला लागला. मी स्पीकर चालू केला.

"नाना, त्याला कोणीतरी धरून बसलंय!" ती ओरडली. "ते सुटल्याबिगर उतरणार न्हाई! जबरदस्ती नका करू, समदं जाईल!" आणि फोन कटला.

दारात चंदाबाई झाडू घेऊन उभ्या होत्या. केंद्राची साफसफाई त्यांच्याकडे.

"धरलंय व्हय? म्या कवाची म्हनून राहिले! चारशे मान्सं रोज टक लावून बघतेत. नजर न्हाई लागनार तं काय? अन् भितीवर तुमीच लिवलं की, आधी उतरवावे!"

"चंदाबाई, त्याचा अर्थ..."

"वाचता येतं मला!"

मी चांगली रेंज शोधत अंगणात गेलो. परतलो तेव्हा चंदाबाईंनी सात मिरच्या, मीठ आणि मोहऱ्या सर्व्हरवरून ओवाळून निखाऱ्यावर टाकल्या होत्या. सर्व्हरसाठी खिडक्या बंद, एसी चालू. तो ठसका सांगता येत नाही, फक्त घेता येतो. वैजनाथ खोकत पळाला, त्याच्यामागे तिघं. पण पळतानाही प्रत्येकाने आपापलं काम बंद करून लॉग-आऊट केलं. मागच्या महिन्यात कोणीतरी दुसऱ्याच्या नावाने पत्ते खेळला होता, तेव्हापासून ही शिस्त मरणाच्या दारातही सुटत नाही.

खोलीत उरलो मी आणि रुमाल. डोळ्यांतून धारा वाहत असताना मी तीच आज्ञा पुन्हा दिली.

डिस्क उतरली!

तपासली. चुका दुरुस्त झाल्या. कचरा काढला, परत चढवली. चौदा मिनिटं! मी खिडकी उघडली. "जळबा, दोनशे बारा! जागेवर आहे!"

जळबांनी मला नाही, चंदाबाईंना हात जोडले.

संध्याकाळी ऐश्वर्याने फोनवर विचारलं, "नाना, त्या चौघांना उठवलं कसं? माझं तर ऐकत न्हाईत."

"समजावून सांगितलं," मी म्हणालो.

आता दर महिन्याला डिस्क तपासली जाते. अध्यक्ष व्यंकटरावांनी भिंतीवरच्या कागदात दुरुस्ती करवून घेतली: 'आधी उतरवावे (मिर्च्या ७, मीठ १ मूठ. चंदाबाई हजर पाहिजेत).' खाली जबाबदार व्यक्ती म्हणून माझी सही आहे. अंधश्रद्धेवर दहा वर्षं लिहिलेल्या माणसाने अशा कागदावर मुकाट सही केली, असं कोणी म्हणू नये.

मी 'मिर्च्या'चं 'मिरच्या' करून घेतलं. मगच सही केली.