मार्थामावशी प्रार्थनेला येते

मार्थामावशी प्रार्थनेला येणार असं कळलं, की आमच्या चर्चच्या मंडळीतला आजारी माणूस अंथरुणातून उठून बसतो. डॉक्टरच्या औषधानं जे होत नाही, ते या नुसत्या निरोपानं होतं. हातकणंगले रेल्वे स्टेशनातून निवृत्त झालेले फिलिपकाका मोरे एकशे दोन ताप असताना अंगणात सायकलला हवा भरताना सापडले. मावशी फाटकात उभी.

"काय फिलिपराव, कशी हाय तब्येत?"

"ठणठणीत," काका पंप दाबत म्हणाले. "पन्हाळ्याला निघालोय."

काकांचं वय ऐंशी. सायकलला चेन नव्हती.

याचं कारण असं, की मावशी ज्याच्या घरी जाऊन प्रार्थना करते तो टिकत नाही, अशी तिची ख्याती झाली होती. एका पावसाळ्यात पाच जण गेले. हार्मोनियम वाजवणारे बेंजामिनमामा तर तिच्या प्रार्थनेला 'आमेन' म्हणाले, आणि त्यानंतर काहीच म्हणाले नाहीत.

मावशी सरकारी नर्स होती. उचगाव आणि आसपासच्या गावांत तिनं उभी हयात लस टोचण्यात घालवली. तेव्हा तिला बघून पोरं पळायची, आता म्हातारे पळतात. लग्न केलं नाही. आवाज असा, की एकदा उपासनेत वचन वाचताना माइक बंद पडला तर तो बंद पडलाय हे कुणाला कळलंच नाही.

तिची प्रार्थना एकदा तरी ऐकावी. अर्थात दुसऱ्यासाठी चाललेली. सुरुवात सगळ्यांसारखी, "हे कृपाळू स्वर्गीय पित्या," आणि दुसऱ्या वाक्याला मावशी वॉर्डात शिरते. "पेशंट बेंजामिन. वय अठ्ठ्याहत्तर. साखर तीनशे दहा. पायावर सूज हाय. कालपासून लघवी थोडी. जेवण न्हाय. सून कुरकुरतीया, पण करतीया." सून शेजारीच हात जोडून उभी असते.

मी एकदा विचारलं, "मावशी, देवाला हे सगळं ठाऊक नसतं का?"

"असंल की. पण रिपोर्ट अर्धा दिला, की औषध पण अर्धं मिळतं. मी सगळं खरं खरं सांगून ठेवतो. पुढचं त्यानं बघावं."

आमच्या कोल्हापुरात बायकाही 'येतो-जातो'च म्हणतात. मावशी जरा जास्तच दणक्यात म्हणते.

माझा तिच्याशी संबंध दुहेरी. एक तर मी तिचा शेजारी. दुसरं म्हणजे चर्चशेजारच्या हॉलमध्ये दर गुरुवारी साठीपुढच्यांची बैठक भरते, तिचा मी चालक. त्रेपन्न वर्षांचा मी तिथला एकमेव तरुण. खुर्चीत बसून करायचे व्यायाम, दोन गीतं, बायबलवर प्रश्नमंजुषा, उप्पीट, चहा आणि शेवटी प्रार्थनेचे विषय, असा कार्यक्रम. विषय म्हणजे बहुतेक गुडघे. प्रश्नमंजुषेत फिलिपकाका दरवेळी नोहाच्या बायकोचं नाव विचारतात. ते बायबलात कुठंच दिलेलं नाही, हे त्यांना पक्कं माहीत आहे.

त्या पाच मयतांनंतर या बैठकीत मावशीवर जे विनोद झाले, त्यांत मीही मागं नव्हतो. "हिचा अर्ज वर लगेच मंजूर होतो," असं फिलिपकाका म्हणाले की सगळ्यांत मोठ्यानं मावशी हसायची. कुणी उप्पीट दुसऱ्यांदा घ्यायला लागला, की ती नुसतं विचारायची, "येऊ का घरी?" वाटी खाली. पाळकसाहेबांनी एका रविवारी मुद्दाम संदेश दिला, की जीवन आणि मरण प्रभूच्या हातात आहे, कुणाच्या प्रार्थनेनं कुणी मरत नसतं. बाहेर पडताना फिलिपकाकांनी त्यांना गाठलं. "बरोबर हाय साहेब. पण तुम्ही आजारी पडला तर हिला बोलावणार काय?" साहेबांनी घड्याळ बघितलं आणि दुसऱ्या उपासनेची आठवण झाल्यासारखं केलं. दुसरी उपासना आमच्याकडं नसते.

आम्ही हसत होतो आणि हॉलच्या कोपऱ्यात रिकाम्या खुर्च्यांची चळत उंच होत होती.

मावशीच्या शेजारच्या खुर्चीवर तारामावशी घाटगे बसायची. शाळेत शिपाईण होती, आता उचगावात मुलगा-सुनेकडं राहायची. या दोघींचं चर्चमध्ये सुरू झालेलं चाळीस वर्षांचं भांडण म्हणजे पंखा. एकीला उकडायचं, दुसरीला गारवा बाधायचा. प्रार्थनेत सगळ्यांचे डोळे मिटले, की दोघींपैकी एक उठून बटण दाबून यायची. आम्ही सहलीला नृसिंहवाडीला गेलो तेव्हा पाळकसाहेब जरा बिचकत होते. तारामावशी म्हणाली, "देव त्यांचा असू दे साहेब, बासुंदी सगळ्यांची हाय." तिला साखरेचा आजार. मार्थामावशीनं तिची वाटी ओढून घेतली, अर्धी स्वतः प्याली आणि उरलेली अर्धी तिला परत दिली. "एवढी चालंल. जास्त प्यालीस तर घरी येतो प्रार्थनेला."

तारामावशी म्हणाली, "ये की. तुला कोण भितंय?"

पुढं दिवाळीच्या सुमाराला तारामावशी न्हाणीघरात पडली. खुबा मोडला. हृदय कमजोर, ऑपरेशन करता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. ती खाटेला खिळली. महिन्याभरात कमरेखाली बेडसोर झाला, बशीएवढा. मुलगा-सून दोघं कामाला जाणारी. मग रोज सकाळी नऊला मार्थामावशी माझ्या स्कूटरवर मागं बसून उचगावला जायला लागली. माझं झेरॉक्सचं दुकान अकराला उघडतं. ती तिला पुसून घ्यायची, कूस बदलायची, जखम धुऊन पट्टी करायची, चमच्यानं पेज पाजायची. भांडायचीसुद्धा. प्रार्थना तेवढी करायची नाही.

तारामावशी मागायची. "मार्था, आज दोन शब्द बोल की माझ्यासाठी."

"आज घसा बसलाय."

दुसऱ्या दिवशी कवळी टोचत होती. तिसऱ्या दिवशी उशीर झाला होता. एरवी रस्त्यात अडखळलेल्या माणसासाठीसुद्धा उभ्या उभ्या रिपोर्ट देणारी ही बाई, तिला इथं सबब सापडत होती.

एकदा मावशी पाणी गरम करायला आत गेली, तेव्हा तारामावशीनं मला जवळ बोलावलं. हाताची नुसती कातडी राहिली होती.

"सुधीर, तू सांग तिला. सगळ्यांना पोचवलं तिनं. मलाच तेवढी ताटकळत ठेवलीया. मला आता सोसत न्हाय रे."

ती मस्करी करत नव्हती. मलाही हसू आलं नाही.

परत येताना उचगावच्या पुलावर उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवला होता. स्कूटर बंद करून मी मावशीला सांगितलं.

"तुम्ही सगळे हसत होता," ती म्हणाली. "मी पण हसत होतो. मला वाटायचं, म्हाताऱ्यांना तेवढीच करमणूक. पण ती पडली त्या दिवसापास्नं मी घरी बसून एकेकाचं नाव घेतो. कुणासाठी काय बोललो, कोण कवा गेला. एक पण वाचला न्हाय, सुध्या."

"मावशी, ती सगळी माणसं जायला टेकलीच होती."

"ही पण टेकलीया की."

मी स्कूटरचा आरसा पुसला.

"तिला जायचं हाय, ते मला दिसतंय," मावशी म्हणाली. "मी नर्स हाय. पण ती गेली, की मी कुणाशी भांडू?" एवढ्या वर्षांत तिचा आवाज इतका खाली आलेला मी ऐकला नव्हता. ट्रॉली हलली. मी स्कूटर चालू केली.

दुसऱ्या दिवशी तारामावशीनं पेज तोंडात घेतली नाही. चमचा ओठापाशी नेला की तोंड फिरवायची. "आधी प्रार्थना. मग पेज." मी चप्पल घालायला लागलो तर म्हणाली, "तू पण थांब. न्हायतर ही नुसते ओठ हलवंल."

मावशीनं वाटी खाली ठेवली. खाटेच्या कडेला बसली. तारामावशीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि डोळे मिटले.

"हे कृपाळू स्वर्गीय पित्या."

मी डोळे किलकिले करून बघितलं. मावशीची हनुवटी हलत होती.

"पेशंट तारा घाटगे," ती म्हणाली. "वय एक्याऐंशी. ताप न्हाय. झोप चांगली लागती. सकाळी दोन भाकरी खाल्ल्या. जखम भरत आलीया. पेशंटची कायबी तक्रार न्हाय. बघायला यायची गरज न्हाय."

आठवडाभर तारामावशीच्या पोटात चार चमच्यांपलीकडं काही गेलं नव्हतं.

"खोटं सांगितलंस," तारामावशी म्हणाली.

"व्हय."

"देवाला."

"व्हय. सांगितलं."

"आणि उद्या?"

"उद्या पण हेच सांगणार."

तारामावशीनं तिच्याकडं बघितलं. ती आता चिडेल, रडेल, निदान मला मध्ये ओढेल, असं मला वाटलं. पण ती नुसती बघत राहिली, आजारी माणूस दुसऱ्या आजारी माणसाकडं बघतो तशी. मग तिनं डोळे मिटले.

"आमेन," ती म्हणाली. आणि पेजेसाठी तोंड उघडलं.

दोन चमचे गेले. मावशीनं तिचे ओठ पुसले, हातमोजे चढवले, तिला हळूच कुशीवर वळवलं आणि पट्टी सोडवायला घेतली.

"सुध्या," माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "खिडकी उघड. वास येतोय."