तोगावासान यांचं नाक

तोगावासाननी हिंगाच्या डबीत थेट नाक खुपसलं. या माणसाने कधी कशाला नाक लावलं नव्हतं. वस्तू हातभर लांब धरायची आणि हाताने वारा घालून वास ओढायचा. "हात आधी, आजीसान, नाक मागून. उलट करणारा केमिस्ट म्हातारा होत नाही." हे इंग्रजीत, 'सान' तेवढं जपानी, आपल्या 'जी'सारखं. माझा मुलगा विनय मराठीत सांगायचा.

सहा महिन्यांसाठी मी परदेशी, नावनला विनयकडे आले आणि करोनाने विमानं बंद झाली. तोगावासान शेजारी, मधे कमरेएवढी भिंत. जपानात शिकले, रंगांच्या कारखान्यात लागले, मग इथे औषधांच्या कारखान्यात आले. ब्लडप्रेशरची एक गोळी त्यांनी जुळवलेली आहे. विनय त्यांच्याच हाताखाली शिकला. बायको इथलीच, नोरा. ती गेली, हे एकटे राहिले.

रिटायर झाले, पण नाक झालं नाही. चहाला वारा घालायचे, पोस्टाने आलेल्या पाकिटालाही. माझी फोडणी तर भिंतीपलीकडून तपासायचे.

"आजीसान, मोहरी कच्ची!"

"खायला तुम्ही येणार आहात का?"

त्या सकाळी माझी फोडणी करपून कोळसा झाली, तरी पलीकडून आवाज नाही. करोनात वास जातो हे ऐकलं होतं, म्हणून त्यांना हाक मारली, हिंगाची डबी भिंतीवर ठेवली आणि मी मागे सरले.

"नथिंग," ते म्हणाले. कपाळावर घाम होता.

"विनय, अँब्युलन्स बोलाव!"

तोगावासान आत गेले आणि जाड काचेची बाटली घेऊन आले. काचेचंच घट्ट बूच, आत बायकी हिरवा स्कार्फ. विनयशी काही बोलले.

"आई, नोराचा आहे. यांना कळत नाहीये. वास अजून आहे का, विचारतायत."

मी मास्क खाली केला, बूच काढलं.

"बूच लवकर लावा!" ते ओरडले.

"आहे," मी म्हटलं. "साबणाचा. आणि तळलेल्या डुकराचा."

विनयने चाचरत सांगितलं. म्हातारा हसला, भिंत धरून खाली बसला. नोरा रविवारी बेकन तळायची म्हणे. मग अँब्युलन्स आली.

चार दिवसांनी मीही आजारी पडले. विनय माझ्यावर चिडला, ते बरोबरच होतं.

वास आम्हा दोघांचाही गेला, तो अजून आलेला नाही. तोगावासान वाचले. मी वाचले.