रविवारपुरता चिमटा

डहाणूहून घोलवडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बरोबर मधोमध एक काळी सायकल चालली असेल, मागे गाड्या खोळंबून हॉर्न मारत असतील आणि सायकलवरचे म्हातारबुवा मागे वळूनही न बघता प्रत्येक हॉर्नला हात वर करून "हां, हां, राम राम" म्हणत असतील, तर समजा की तुम्ही नरपडला पोचलात. ते आमचे शांताकाका. आपल्या मागे वाजणारा हॉर्न ओळखीच्या माणसाने नमस्कार घालण्यासाठीच वाजवलेला असतो, अशी त्यांची ठाम समजूत आहे. एकदा एका ट्रकवाल्याने खिडकीतून डोकं बाहेर काढून त्यांच्या आईवडिलांचा उद्धार केला. काका मला म्हणाले, "घरच्यांची चौकशी करत होता. माणूस चांगला वाटला."

पूर्ण नाव शांताराम. नाव ठेवताना आईवडिलांनी नुसती आशा व्यक्त केली असावी. त्यांची चिकूची वाडी आणि माझी कलमांची नर्सरी यांच्यामध्ये एक कुंपण आहे. ते कसं चुकीच्या जागी आहे हे काका मला रोज सकाळी समजावून सांगतात. कुंपण त्यांनी स्वतःच घातलेलं आहे.

काकी गेल्या त्याला बरीच वर्षं झाली. मुलगा नितीन सुरतेला. घरात काका आणि सायकल. सायकल पुढच्या खोलीत गोणपाटावर उभी असते, आलेल्या पाहुण्याला मात्र बाहेर ओटीवर बसवतात. घरातली प्रत्येक वस्तू एकदा तरी मोडून पुन्हा जोडलेली आहे. रेडिओवर एकच स्टेशन लागतं आणि त्यावरही माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा येतो. चपलेला तार, चष्म्याला दोरा. कुणी काही बोललंच तर ठरलेलं उत्तर: "चालतंय नी? मग झालं."

तर एका बुधवारी सायकलचं चालेनासं झालं.

चिकू उतरवायला पुढे जाळी लावलेला लांब बांबू लागतो. शहाणी माणसं तो खांद्यावर टाकून चालत जातात. काका तो सायकलच्या हँडलला बांधतात, तेही टोक पुढे करून, म्हणजे कुठेही जायचं तर काकांच्या आधी बांबू पोचतो. त्या दिवशी बांबू रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्यापाशी पोचला आणि तिथेच थांबला. सायकल कठड्यावर चढायला गेली आणि काका दोघांनाही मागे टाकून पुढे निघून गेले. बांबूला ओरखडाही नाही. सायकलचं पुढचं चाक ज्या दोन लोखंडी पायांमध्ये धरलेलं असतं, त्या चिमट्याचा मात्र एक पाय मुळाशी तडकला आणि दुसरा आत वाकला.

पुढचं चाक हातात उचलून, हनुवटीवर हळद थापून काका नर्सरीत आले. मला वाटलं, दवाखान्यात न्यायचंय.

"सायकलला लागलं ग, बाय," ते म्हणाले.

"आणि तुम्हाला?"

"माझं जाऊ दे. रविवारी नितीन येतोय."

खरी गोची तिथे होती. मागच्या वेळी काका नाल्यात गेले, तेव्हा नितीनने फोनवर निक्षून सांगितलं होतं, की आता एकदा जरी पडलात तर सायकल भंगारात आणि तुम्ही सुरतेत. आणि आता उंबरगावला कुणाचं तरी लग्न होतं, त्या निमित्ताने तो इथे डोकावणार होता. रविवारच्या आत सायकल दोन चाकांवर उभी राहिली नाही, तर काकांना वाडी सोडून मुलाच्या फ्लॅटमध्ये जावं लागणार होतं.

"सातव्या मजल्यावर!" काका म्हणाले. "तिथं हॉर्न पण नीट ऐकू येत नाय."

मी छोटा टेम्पो काढला. माझ्याकडे टेम्पो आहे आणि मला नाही म्हणता येत नाही, या दोन गोष्टी अख्ख्या नरपडला माहीत आहेत.

डहाणूच्या सायकलवाल्याने सायकल पाहून आधी हात जोडले. "काका, आ साइज आता कोण बनवते? ही घ्या नी, गियरवाली."

"गियर कशाला? डहाणूत चढ कुठाय?" काका म्हणाले. "तू हाच चिमटा वेल्डिंग करून दे."

"चिमट्याला वेल्डिंग? मी नाय करनार. उद्या तुटला तर तुमचे दात मागायला माझ्याकडे याल."

"दात माझे नाहीतच," काकांनी त्याला आश्वस्त केलं. तरीही तो तयार झाला नाही. मूर्खच म्हणायचा.

मग काकांना आठवलं, की सायवनला त्यांच्या जुन्या गड्याकडे अशीच सायकल होती. कासा ओलांडून, वाट वाकडी करून आम्ही सायवन गाठलं. तिचा चिमटा होता, पण तो परसात उलटा रोवून त्यावर भोपळ्याचा वेल चढवलेला होता आणि गंजाने त्याची चाळण झाली होती. काकांनी तोही हलवून पाहिला. गड्याने एक भोपळा दिला, तो घेऊन आम्ही तलासरीच्या रस्त्याला लागलो. तिथे हायवेला ट्रॉल्या जोडणारा एकजण कशालाही नाही म्हणत नाही, असं गडी म्हणाला होता.

या सगळ्या प्रवासात काका गप्प बसले असतील असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्हाला त्यांचं नाव फसवतंय. ते नितीनशी वाद घालायची तयारी करत होते आणि नितीन मला व्हायचं होतं.

"म्हण, पप्पा चला सुरतेला."

"पप्पा, चला सुरतेला," मी गियर बदलत म्हटलं.

"नाय जमणार! तिथल्या वरणात गूळ. लिफ्ट बंद पडली तर मी काय दोराने उतरू? आणि चिकूला पाणी कोण देईल, तुझा सासरा?" मग माझ्याकडे वळून, "कसं?"

"जोरदार. आता नितीन काय बोलणार?"

"एवढ्यात गप्प बसतेस? आणखी आग्रह कर ना. जरा जीव लावून म्हण."

मी जीव लावून म्हटलं. तलासरी येईपर्यंत मी त्या माणसाला इतक्या वेळा सुरतेला बोलावलं, की माझा आवाज बसला. काकांकडचे मुद्दे काही संपेनात. पाणी जड आहे, सून चांगली आहे पण चहा पातळ करते, नातवाला, ओमला, आपली भाषा कळत नाही. प्रत्येक मुद्दा झाला की मांडीवरच्या भोपळ्यावर थाप मारायचे.

तलासरीच्या वेल्डरने चिमटा हातात घेऊन फिरवून पाहिला. "जोडून देतो," तो म्हणाला. "पन याच्यावर बसायचं नाय. उभी ठेवायची फक्त."

"उभीच पाहिजे," काका म्हणाले. "रविवार दुपारपर्यंत."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी भोपळ्याकडे पाहिलं. त्याने वाकलेला पाय तापवून सरळ केला, तडकलेल्या जागी आतून पट्टी घालून टाका मारला. काका निळ्या ज्योतीकडे टक लावून बघत होते आणि "डोळे फिरवा, आजोबा" असं त्याने दटावलं तरी बघत होते. परत येताना डोळ्यांतून घळाघळा पाणी. शनिवारी माझ्या नर्सरीच्या पाटीचा उरलेला काळा रंग त्यांनी चिमट्याला फासला. चिमटा नवा दिसू लागला आणि बाकीची सायकल आणखी जुनी. म्हणून मग सगळ्या सायकलीला रंग झाला. थोडा धोतरालाही.

रविवारी काका सकाळपासून फाटकात उभे. इस्त्रीचा शर्ट, एक हात सायकलच्या सीटवर, बाजूला नितीनसाठी भरून ठेवलेल्या चिकूच्या पेट्या. मला साक्षीदार म्हणून बोलावून घेतलं होतं. रंग अजून ओला होता, त्यामुळे मी लांबच उभी राहिले.

गाडी आली. सून आत बसूनच हसली, कारण साडीला धूळ लागली असती. नितीन उतरून पाया पडला आणि सायकलीकडे बघून म्हणाला, "अरे वा, पप्पा! अजून टकाटक!"

"मग!" काका म्हणाले.

"हनुवटीला काय झालं? दाढी करताना लागलं ना?"

काकांना खोटंही बोलावं लागलं नाही. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं, की मला जरा संशयच आला. नितीनने पेट्या डिकीत टाकल्या, हात झटकले आणि घड्याळ पाहिलं.

काकांनी घसा साफ केला. "मी काय म्हणतो, ते सुरतेचं..."

"नाही नाही, पप्पा, ते सोडाच आता," नितीन मनापासून म्हणाला. "मला खरं तर टेन्शन होतं. तुमची खोली आम्ही ओमला अभ्यासाला दिली, त्याचं दहावीचं वर्ष. म्हटलं, आता पप्पांना आणावं लागलं तर कसं करायचं. पण तुम्ही एकदम फिट आहात. इथेच मजेत आहात. बरं वाटलं बघून."

गाडी वळली. काकांनी हात हलवला. हातावर काळा रंग लागला होता.

"जिंकलात, काका," मी म्हटलं. मला खरंच तसं वाटलं होतं. बुधवारपासून डिझेल जाळून आम्ही हेच मिळवायला निघालो होतो.

"हो," ते म्हणाले आणि ओटीच्या पायरीवर बसले. रस्त्याकडेच बघत म्हणाले, "मी नाहीच म्हणणार होतो, बाय. पण त्यानं एकदा म्हणायला तर हवं होतं."

त्या पोराचा मला संताप आला, कारण तो वाईट वागलाच नव्हता. तो पाया पडला होता, हसला होता, बापाला फिट म्हणाला होता. आणि त्याने असं मोकळ्या मनाने निघून जावं म्हणून चिमटा जोडायला मीच टेम्पो काढला होता.

जेवायची वेळ झाली होती. आमच्याकडे सायवनच्या भोपळ्याची भाजी केली होती.

"काका, जेवायला चला आमच्याकडे," मी म्हटलं.

"नको ग."

"चला ना."

"नाय जमणार. ऊन आहे."

"आमचं घर कुंपणापलीकडे आहे, काका. चला."

"तुझी भाजी तिखट असते. आणि घराला कुलूप लावायचं म्हणजे ते लागत नाय धड."

"मी लावते. चला, सगळे थांबलेत."

त्यांनी डोळे पुसले, चष्म्याचा दोरा कानामागे नीट केला आणि सावरून बसले. मग आमच्याकडे जेवायला का येता येत नाही याची कारणं एकेक करून सांगायला लागले. मी पायरीवर त्यांच्याशेजारी बसले आणि प्रत्येक कारणानंतर पुन्हा चला म्हणत राहिले. आम्ही निघालो तेव्हा घरी भात पार निवला होता.