खिशातला हात

कुणाला काही समजावून सांगायची वेळ आली, की आमच्या शेजारच्या सोपानभाऊंचा उजवा हात पँटच्या खिशात जातो. मग विषय गॅसची शेगडी पेटवायचा असो, नाहीतर इंद्रायणी तांदूळ जुना की नवा ते ओळखायचा. सगळं डाव्या हातानं. परवा कामशेतच्या बाजारात त्यांनी मला तांदूळ दाखवायला डावी मूठ भरली आणि निम्मा माझ्या चपलांवर सांडला. मी म्हटलं, "अहो, उजवा हात काय ठेवणीतला आहे का?"

"तसंच समजा, बाई," ते म्हणाले. "पर आदी सांगा, तांदळाबद्दल तुमचं पूर्वज्ञान काय?"

हे पूर्वज्ञान म्हणजे आमच्या आळीला झालेला ताप आहे. सोपानभाऊंचं वय चोपन्न. नवलाख उंबरे गावाजवळच्या कारखान्यात तीस वर्षं तयार मालाची मापं तपासली, निवृत्ती घेतली आणि लोणावळ्याच्या कॉलेजात बी.ए.ला नाव घातलं. मुख्य विषय इतिहास. सोबत एक जोडविषय घ्यावा लागतो, त्याला तिकडे मायनर म्हणतात. वर्गातल्या पोरांनी पर्यटन घेतलं. लोणावळ्यात राहून दुसरं कोण काय घेणार? यांनी घेतलं अध्यापन!

तेव्हापासून हा माणूस पाठाचं टाचण काढल्याशिवाय कोथिंबीरसुद्धा आणत नाही. त्यांच्या बायकोनं, मंदावहिनींनी, मला एक चिठ्ठी दाखवली. 'उद्दिष्ट : ताजी जुडी ओळखता येणे. साहित्य : पिशवी. मूल्यमापन : मंदा करील.' वहिनींनी मूल्यमापन केलं. मेथी आली होती.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बावीस वर्षं शिकवते आहे, त्यामुळे या अभ्यासाचा सगळा भार माझ्या डोक्यावर. मी धुणं वाळत घालत असले, तरी कुंपणापलीकडून आवाज येणारच. "बाई, पोरगं चुकलं तर तुमी त्याला रिजेक्ट करता का रीवर्कला टाकता?"

"सोपानभाऊ, ती मुलं आहेत. नटबोल्ट नाहीत!"

"लय भारी बोलला," म्हणत त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. मी चिडून बोललेलंसुद्धा हे लिहून घेतात. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

पुढं कॉलेजनं त्यांना सराव पाठासाठी पाठवलं ते नेमकं माझ्याच पाचवीच्या वर्गावर. विषय अपूर्णांक. पाठ बघायला कॉलेजच्या मॅडम येणार आणि त्यांनी पसंत केला तरच मायनर पदरात पडणार. सोपानभाऊंनी जेवण टाकलं. सकाळ-संध्याकाळ माझ्या दारात टाचण घेऊन उभे. शेवटी माझं डोकं फिरलं.

"नापास झालात तर काय आभाळ कोसळणार आहे? या वयात तुम्हाला कुठं नोकरीला लागायचंय?"

त्यांनी टाचणाची घडी घातली आणि ते गेले. लिहून घेतलं नाही, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

थोड्या वेळानं वहिनी माझी वाटी परत द्यायला आल्या आणि उंबऱ्यातच बसल्या. "बाई, आमचा उमेश अपूर्णांकांतच अडायचा," त्या म्हणाल्या. "हे कामावरनं आले की त्याला शिकवायला बसायचे. चुकला की उजव्या हाताची थोबाडीत. रोजची."

उमेश आता नाशिकला असतो. वर्षातून दोनदा येतो, आण्णांना म्हणजे वडिलांना टाळून आईशी बोलतो आणि त्याच दिवशी परत जातो. मुक्काम कधीच नाही. गेल्या वर्षी, सोपानभाऊंनी कॉलेजात नाव घालण्याआधी, वहिनींनी म्हटलं, स्वराला, म्हणजे त्याच्या सहा वर्षांच्या लेकीला, सुट्टीत आठ दिवस ठेव की. तर तो म्हणाला, "नको आई. आण्णा तिला शिकवायला बसतील."

"ते ह्यांनी ऐकलं," वहिनी म्हणाल्या. "मला म्हनाले, मंदे, कारखान्यात मापायचं गेज बिघडलं की ते नीट करून त्याचा दाखला घ्यावा लागतो. दाखल्याबिगर गेजवर कोन भरवसा ठेवंल? पोराला दावायला दाखला पायजे, म्हनून हे सगळं चाललंय बगा."

वाटी हातात धरून मी तशीच उभी राहिले. माझी मलाच लाज वाटली. त्या खिशाला किती हसले होते मी!

पाठाच्या दिवशी सोपानभाऊ इस्त्रीचा सदरा घालून आणि फडक्यात ज्वारीची भाकरी बांधून आले. एका डाव्या हातानं भाकरीचे अर्धे आणि पाव तुकडे करताना जी काही तारांबळ उडाली, त्यावर पोरं पोट धरून हसली. मग त्यांनी विचारलं, "अर्धी आन् पाव मिळून किती?"

सानिका उठली. "दोन छेद सहा!"

वर्ग खिदळला. माझं लक्ष फक्त त्या खिशाकडे. आत मूठ वळलेली कापडावरून दिसत होती. कपाळावर घाम. मी मनात म्हटलं, सोपानभाऊ, सांभाळा.

ते हळूच सानिकासमोर सतरंजीवर बसले. "हे तू कसं काढलंस गं? मला दाव बरं."

तिनं पाटीवर वरचे आकडे वर मिळवले, खालचे खाली.

"व्हय की! मीबी तसंच केलं असतं," म्हणत त्यांनी दोन्ही तुकडे ताटात शेजारी ठेवले. "आता पाटी सोड. ताटात बग. खायला किती हाय?"

सानिका बघत राहिली. "पाऊण!" ती किंचाळलीच. मग पोरांनी साहित्य खाऊन टाकलं.

मॅडमनी शेरा लिहिला : 'पाठ उत्तम. मात्र शिक्षकाने खिशात हात घालून शिकवू नये.'

तो वाचून सोपानभाऊ डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

निकाल लागल्यावर त्यांनी गुणपत्रिकेचा फोटो उमेशला पाठवला. सोबत एक शब्द नाही. त्यानं पाहिला, तेही दिसलं. उत्तर मात्र नाही. चार दिवस आळीत कुणाचं पूर्वज्ञान विचारलं गेलं नाही. खरं सांगते, मला करमेना.

पाचव्या दिवशी उमेश आला. स्वराला सोडायला! खांद्यावरची बॅगही न उतरवता दारात उभा राहिला, लगेच निघायच्या बेतात. स्वरा पायरीवर बसून वहीत तीनचा आकडा उलटा काढत होती. सोपानभाऊ शेजारी बसले. उजवा हात खिशात.

"आजोबा, खिशात काय आहे? चॉकलेट?"

"काय न्हाई गं."

"मग दाखवा!" तिनं तो हात ओढून बाहेर काढला, एकेक बोट उघडून पाहिलं आणि काहीच नाही म्हटल्यावर आपली पेन्सिल त्यात ठेवली. "टोक करून द्या."

सोपानभाऊंनी वर पाहिलं. उमेश त्या हाताकडेच बघत होता. मग त्यानं खांद्यावरची बॅग काढून आत ठेवली.

"आई, चहा टाक," तो म्हणाला. "मी उद्या जाईन."

सोपानभाऊंनी त्या पेन्सिलीला इतका वेळ टोक केलं, की ती निम्मी संपली.